सर्व्हरला हात लावण्याआधी

गणपतीची खरेदी सुरू झाली की बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत बिलं फाटत असतात, त्यामुळे बिलिंगच्या अ‍ॅप्लिकेशनचं अपडेट त्याच्या आधीच्या आठवड्यात उरकायचं. ते चालवणारं भाड्याचं मशीन, म्हणजे सर्व्हर, मुंबईत, आपण टिळकवाडीत, आणि मधे फक्त कमांड टाकायची टर्मिनलची काळी खिडकी. यंदा मी गावी असणार, काम तुझ्याकडे आहे, म्हणून लिहून ठेवतोय.

आधी परतीची वाट बघून ठेव. एसएसएच, म्हणजे लांबून सर्व्हरमध्ये शिरायची सोय, बंद पडलं तर सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या वेबसाइटवर कन्सोल असतो, त्यातून आत शिरता येतं. त्याचा पासवर्ड चालतो का ते दुपारीच लॉगिन करून बघ. मी एकदा बाहेरच्या जोडण्या अडवणारी यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू केली आणि एसएसएचचं दार, म्हणजे २२ नंबरचं पोर्ट, उघडायचं विसरलो. स्वतःच घराबाहेर जाऊन आतून कडी लागावी तसं झालं. कन्सोलचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो खानापूरच्या पुढे जंगलात, फोनला रेंज नाही. सकाळी साडेदहाला दुकानदारांचे फोन सुरू झाले ते सांगत नाही. तेव्हापासून नियम असा, की आधी पोर्टला परवानगी, मग फायरवॉल. एसएसएचच्या सेटिंगला हात लावलास तर जुनी खिडकी उघडीच ठेव, दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन जमलं की मगच पहिली बंद कर.

आपल्याकडचा पाऊस आणि लाईट तुला सांगायला नको. इन्व्हर्टर भरलेला असू दे, मोबाईलचा हॉटस्पॉट हाताशी असू दे, पण खरा आधार टीमक्सचा, तो सर्व्हरवरच चालणारा प्रोग्राम आहे. लॉगिन झाल्याझाल्या टीमक्स चालू कर आणि सगळं काम त्याच्या आत कर. लाईन तुटली तरी आतलं काम मुंबईत चालूच राहतं. परत जोडल्यावर टीमक्स अटॅच म्हटलंस की जिथे होतास तिथेच. नुसत्या एसएसएचमध्ये डेटाबेसचं अपडेट चालू असताना लाईन गेली तर कमांडही अर्ध्यात मरू शकते.

कमांड टाकण्याआधी होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, बघायचं. चाचणीचा सर्व्हर आणि खरा सर्व्हर दिसायला सारखेच, त्यामुळे खऱ्याचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांडच्या आधी दिसणारा मजकूर, मी लाल करून ठेवलाय. पोरकट वाटेल, राहू दे तसाच.

डीएफ ही कमांड लावून डिस्कवरची जागा बघ, आणि आयनोडसाठी, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदींसाठी, तिलाच आय हा पर्याय लावून पुन्हा बघ. जागा शिल्लक असूनही बारीक फायलींनी आयनोड संपले तर नवी फाइल बनतच नाही. मोठी लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रामची नोंदवही, पुसूनही जागा मोकळी झाली नाही, तर एखाद्या चालू प्रोसेसने ती धरून ठेवलीय असं समज. ती सेवा रीस्टार्ट झाली की जागा सुटते.

आता बॅकअप. आपला डेटाबेस मायएसक्यूएलचा, त्याचा बॅकअप मायएसक्यूएल-डंप या कमांडला सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावून काढ, म्हणजे इनोडीबी प्रकारची टेबलं अडून राहत नाहीत. कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८-एमबी-४ असाच सांग. आपल्या गिऱ्हाइकांची नावं मराठीत आहेत, कन्नडात आहेत, काही दोन्हीत. दोन्ही लिप्यांची अक्षरं तीन-तीन बाइटची, त्यामुळे मायएसक्यूएलच्या जुन्या, तीन बाइटपर्यंतच्या यूटीएफ-८ मध्येही ती बसतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवरचा पत्ता इमोजीसकट चिकटवतो, इमोजीला चार बाइट लागतात, आणि नोंद अडते नाहीतर तुटते. म्हणून बॅकअप काढून थांबू नकोस. तो चाचणीच्या सर्व्हरवर चढव आणि चिक्कोडीकडच्या एखाद्या कन्नड नावाचं बिल उघडून बघ. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर त्या रात्री अपडेट नाही, सरळ झोपायचं. माझ्या मते पूर्ण यादीत हे एकच काम असं आहे, की ज्याला घाई चालत नाही.

घड्याळ बघ. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर आहे, आपण साडेपाच तास पुढे. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांच्या यादीत, दोन लिहिलंय ते रात्रीचे दोन नव्हेत, आपले सकाळचे साडेसात. तोवर काम लांबलं तर त्या वेळचा आपोआप होणारा बॅकअप मधेच येऊन बसेल.

नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव आणि सिमलिंक, म्हणजे चालू फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक, तिकडे वळव. जुनं फोल्डर पुसू नकोस. बिघडलं तर लिंक मागे फिरवून सेवा रीस्टार्ट केली की झालं. मात्र डेटाबेसमधला एखादा कॉलम उडवलास तर लिंक फिरवून तो परत येत नाही, तिथे बॅकअपच लागतो. तेव्हा यावेळी कॉलम वाढवायचे, उडवायचे नाहीत.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरची सेटिंग बदललीस तर आधी तिची चाचणी घे, मग रीस्टार्ट न करता रीलोड कर, म्हणजे चालू जोडण्या तुटत नाहीत. सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीची युनिट फाइल, म्हणजे सेवेची सेटिंग, बदललीस तर डीमन-रीलोड म्हणायला विसरू नकोस, नाहीतर तो जुनीच धरून बसतो. सेवा थांबायला वेळ घेतेय म्हणून लगेच किल नऊ, म्हणजे जबरदस्तीने बंद करणारी कमांड, मारू नकोस. सिस्टिमडी स्वतःच साधारण दीड मिनिट वाट बघतो, तूही बघ. स्टार्ट केलं म्हणजे इनेबल झालं असंही नव्हे. इनेबल नसेल तर मशीन रीबूट झाल्यावर सेवा उठत नाही, आणि हे कळतं महिन्यांनी, भलत्याच दिवशी.

सगळं हिरवं दिसलं तरी लॉग दाखवणारी जर्नलसीटीएल कमांड चालू ठेवून दहा मिनिटं लॉग वाहताना बघ. मग टाकलेल्या कमांडा वहीत उतरव, वेळेसकट. सकाळी पहिलं दुकान उघडलं की मालकांना तूच फोन कर, त्यांच्या फोनची वाट बघू नकोस. एक बिल मराठी नावाचं, एक कन्नड नावाचं छापायला सांग आणि दोन्हीचे फोटो मागवून घे.