लॅपटॉप घेण्याआधी तो किराण्याच्या काट्यावर ठेवा

जुलै लागला की मला नाशिकहून फोन सुरू होतात. जर्मनीतल्या ॲडमिशनचं पत्र हातात पडलेलं असतं, व्हिसाची तारीख मिळालेली नसते, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, लॅपटॉप कोणता घेऊ? काम पण झालं पाहिजे, गेम पण चालले पाहिजेत." राहायची सोय, विमा, बँक हे सगळं मागाहून. मला हसू येतं, कारण निघताना मीही हेच विचारलं होतं. विचारलं ते सिडकोतल्या आमच्या मित्राला, ज्याची परदेशवारी शिर्डीपर्यंतची.

त्याच्या सल्ल्याने कॉलेज रोडवरून एक दणकट गेमिंग लॅपटॉप घेतला. वजन २.६ किलो, आणि वर विटेएवढा २३० वॅटचा ॲडॉप्टर, तो ९०० ग्रॅमचा. म्हणजे साडेतीन किलो. विमानात हातातल्या बॅगेला सात किलोची मुभा. मुंबईच्या काउंटरवर वजन केलं तेव्हा मी तिथेच दोन स्वेटर आणि जॅकेट एकावर एक चढवलं आणि सांगलीच्या गुऱ्हाळात उभा असल्यासारखा घामाघूम होऊन विमानात बसलो. खालच्या बॅगा चिवडा आणि गोड्या मसाल्याने आधीच फुगल्या होत्या, त्यांच्याकडे बघायची सोय नव्हती.

खरी गंमत पुढे. मी राहतो जर्मनीतल्या माग्देबुर्गला. इथे आलात की रोज ट्राम, मग चालणं, मग लायब्ररीचे जिने. बॅटरी दीड तास टिकायची, म्हणून ॲडॉप्टरही पाठीवर. दुसऱ्या महिन्यात तो लॅपटॉप खोलीवरच राहायला लागला आणि मी विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर काम करायला लागलो. लाखाच्या घरातली वस्तू घरी आणि मी रांगेत. पहिल्या वर्षी लॅपटॉपवर खेळणं कमी होतं आणि त्याला वाहून नेणं जास्त, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी फोनवर पहिली गोष्ट हीच सांगतो: दुकानदार प्रोसेसर सांगेल, ग्राफिक कार्ड सांगेल, स्क्रीन किती हर्ट्झची ते सांगेल. तुम्ही वजन विचारा, आणि ॲडॉप्टरसकट विचारा. डब्यावरच्या आकड्यात ॲडॉप्टर धरलेला नसतो. मित्राचा तसाच लॅपटॉप असेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवा. दोन्ही मिळून अडीच किलोच्या आत असेल तर पुढे बोलू.

अडीच किलोत गेमिंग कसं बसणार, हा पुढचा प्रश्न. बसतं, पण एक चूक टाळायला हवी. ग्राफिक कार्डाच्या, म्हणजे गेमची चित्रं पडद्यावर काढणाऱ्या भागाच्या, नावावर जाऊ नका. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव, पण लॅपटॉपमध्ये ते ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवलेलं असू शकतं. पातळ लॅपटॉपमध्ये कंपनी ते कमी विजेवर बांधते, कारण उष्णता बाहेर काढायला जागा नसते. मग नाव तेच, दाम जवळपास तेवढेच, आणि गेममध्ये खालच्या कार्डाएवढीच गत. मॉडेलच्या माहितीत 'टीजीपी' म्हणून कार्डाच्या या वॅटचा आकडा असतो, तो शोधा. दुकानदाराला माहीत नसेल तर दुकानातच उभं राहून कंपनीच्या संकेतस्थळावर बघा, लाजू नका. माझ्या मते ८० ते १०० वॅटचं कार्ड आणि दोन किलोच्या जवळपासचा लॅपटॉप हा मधला मार्ग. कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबी हवी. ४०५० मध्ये ती ६ जीबी असते आणि नवे गेम तिथेच धापा टाकतात.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे टाइप-सी मधून चार्जिंग. कितीतरी गेमिंग लॅपटॉप आता १०० वॅटच्या साध्या टाइप-सी चार्जरवर कामापुरते चालतात. वीट खोलीवर, मुठीएवढा चार्जर पिशवीत. ही सोय असेल तर वरची अडीच किलोची अट मी थोडी सैल करतो. नुसतं भोक असून भागत नाही मात्र, काही मॉडेलमध्ये ते फक्त डेटासाठी असतं.

आता कामाचं. नाशिकहून येणाऱ्यांत मेकॅनिकलची पोरं भरपूर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांची पुण्याई. त्यांच्यातला एक तरी दरवर्षी मॅकबुक घेऊन उतरतो. हलकं, बॅटरी दिवसभर, मान्य. पण सॉलिडवर्क्स, कॅटिया, अन्सिस ही त्यांना लागणारी डिझाइनची सॉफ्टवेअर मॅकसाठी नाहीत. व्हॅलोरंट हा गेम तर मॅकवर चालतच नाही, लिनक्सवरही नाही. कॉम्प्युटर सायन्सवाल्याने खुशाल मॅक घ्यावा आणि गेमिंग विसरावं. मेकॅनिकलवाल्याने घेऊ नये. रॅम १६ जीबी कमीत कमी, आणि ती बोर्डावर डकवलेली नसून बदलता येणारी असेल तर उत्तम, कारण सिम्युलेशनचा विषय निवडलात की ३२ लागतेच. डिस्कसाठी एक जादा जागा आहे का तेही विचारा. स्क्रीनच्या बाबतीत भारतात स्वस्त गेमिंग लॅपटॉपवर हमखास हात आखडतात: रंग फिके, उजेड कमी. '४५ टक्के एनटीएससी' (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) असं लिहिलेलं दिसलं की पुढे चला.

विंडोजचं एक बारीक प्रकरण आहे. आपल्याकडे बऱ्याच लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' आवृत्ती येते. तिच्यात पडद्यावरची भाषा बदलता येत नाही. आपली इंग्रजी असते, त्यामुळे बिघडत काही नाही. उलट इथे घेतलेला लॅपटॉप उघडताना जर्मन बोलतो, पण साधी होम आवृत्ती असेल तर दहा मिनिटांत इंग्रजी करता येते. चुलतभावाचा जुना लॅपटॉप घेऊन येणार असाल तर एवढं बघा की त्यावर विंडोज ११ चढतं का. विंडोज १० चा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला.

मग घ्यायचा कुठे, नाशिकला की इथे? किमतीत मला फार फरक दिसत नाही. कर तिकडे १८ टक्के, इकडे १९. फरक पडतो तो तीन गोष्टींनी.

पहिली, कीबोर्ड. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा उलट्या आहेत. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर माझा पासवर्ड तीनदा चुकला आणि खातं बंद पडलं, कारण पासवर्डात वाय होता. प्रोग्रॅमिंगवाल्यांचे हाल वेगळेच: महिरपी कंस उघडायला उजवीकडचं ऑल्टजीआर दाबून ७, बंद करायला तेच दाबून शून्य. दिवसातून दोनशे वेळा. भारतातल्या लॅपटॉपवर आपला सवयीचा अमेरिकन कीबोर्ड मिळतो, नाशिकला घेण्याचं माझ्या लेखी हेच सगळ्यात मोठं कारण. जर्मन अक्षरांची चिंता नको, सेटिंगमध्ये 'युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल' निवडलं की ऑल्टजीआर (म्हणजे उजवीकडचं ऑल्ट) आणि एस दाबून जर्मन दुहेरी एस उमटतो, क्यू, पी आणि वाय वर टिंबवाले स्वर. मराठी फोनेटिकही विंडोजमध्ये असतोच, आईला मेसेज लिहायला.

दुसरी, वॉरंटी. इथे माझे पैसे गेले. आठव्या महिन्यात माझ्या लॅपटॉपची बिजागरी तुटली. घेताना दुकानात "वर्ल्डवाइड वॉरंटी आहे हो" असं छातीठोक सांगितलं होतं. इथल्या सर्व्हिस सेंटरने नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली: वॉरंटी फक्त भारतात. दुरुस्ती खिशातून. तोंडी शब्दावर विश्वास ठेवू नका. पैसे देण्याआधी मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर 'आंतरराष्ट्रीय' असा उल्लेख शोधा. ॲपलच्या लॅपटॉपची वॉरंटी सहसा देश बदलला तरी चालते. डेलमध्ये मशीनची नोंद एका देशातून दुसऱ्या देशात हलवता येते. लेनोवोच्या काही मालिकांना आंतरराष्ट्रीय सेवा आहे, सगळ्यांना नाही. इथे घेतलात तर मात्र कायद्यानेच विकणाऱ्यावर दोन वर्षांची जबाबदारी असते, आणि ऑनलाइन मागवलेलं चौदा दिवसांत परत करता येतं.

तिसरी गोष्ट पैशाच्या वेळेची. व्हिसासाठी तुम्ही जे ब्लॉक्ड अकाउंट भरता, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, त्यातून महिन्याला ९९२ च हातात येतात. पहिल्याच महिन्यात खोलीचं डिपॉझिट, विमा, थंडीचे कपडे. त्यात हजार युरोचा लॅपटॉप बसत नाही. शैक्षणिक कर्ज काढत असाल तर अभ्यासाला लागणाऱ्या कॉम्प्युटरचा खर्च त्यात धरता येतो. बँकेला कोटेशन कर्ज मंजूर व्हायच्या आधी द्या, मागाहून ते जमवणं कटकटीचं होतं. दिंडोरी-निफाडकडच्या एका मुलाचे वडील मला म्हणाले होते, द्राक्षाचे पैसे आले तेव्हाच लॅपटॉप घेऊन टाकला. त्यांचं बरोबर होतं. लवकर घेतलात की दोष असेल तर तो घरी असतानाच उघडा पडतो. निघायच्या निदान महिनाभर आधी घ्या, आणि त्या महिन्यात त्याच्यावर गेम, सॉफ्टवेअर, जे काय करायचं ते भरपूर करा.

हे सगळं ऐकून काही जण दुसरा रस्ता धरतात, आणि खरं सांगायचं तर मला तोच आवडतो: नाशिकहून दीड किलोचा कामाचा चांगला लॅपटॉप आणायचा, गेमिंगचं इथे बघायचं. विद्यापीठाच्या गावात जुन्या वस्तूंचा बाजार जोरात असतो. शिकून निघालेली पोरं डेस्कटॉप, मॉनिटर, खुर्ची सगळं क्लाइनआन्त्साइगन या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइटवर टाकून जातात. माझा २४ इंची मॉनिटर साठ युरोला आला, आणि देणाऱ्याने केबल फुकट दिली. इंटरनेट चांगलं असेल तर जीफोर्स नाऊसारखी सेवा गेम स्वतःच्या दूरच्या कॉम्प्युटरवर चालवते आणि तो हलक्या लॅपटॉपवरही खेळता येतो. पण हे धीर असलेल्यांचं काम. पहिल्या हिवाळ्यात, चार वाजता अंधार पडतो तेव्हा, मित्रांबरोबर दोन तास खेळण्याची किंमत वेगळी असते, ते मी नाकारत नाही.

आता किरकोळ. व्होल्टेजची काळजी नको, जर्मनीतही २३० च आहे. अमेरिकेत १२० असलं तरी लॅपटॉपचा ॲडॉप्टर १०० ते २४० चालवतो, तसं त्याच्यावर छापलेलंच असतं. पिन मात्र वेगळी. त्यासाठी विमानतळावरचा महागडा कन्व्हर्टर नको. ॲडॉप्टरपासून भिंतीपर्यंतची वायर निघते, ती तेवढी इथे नवी घ्या. लॅपटॉप आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. पॉवर बँक १०० वॉट-अवरच्या वर नको, म्हणजे साधारण २७,००० एमएएच.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात भारतातल्या किमती बऱ्याच गेमला कमी असतात, म्हणून जे खेळायचेच आहेत ते निघण्याआधीच्या सेलमध्ये घेऊन ठेवा. काहींवर ठरावीक देशांतच खेळण्याचं बंधन असतं, ते पानावर लिहिलेलं असतं, वाचा. इथे आल्यावर खात्याचा देश बदलायचा तर इथलं कार्ड लागतं, आणि तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो. घेतलेले गेम तुमचेच राहतात.

आणि टॉरेंट. नाशिकला असताना जे सर्रास चालतं ते इथे एकदाही करू नका. टॉरेंटवरून सिनेमा किंवा गेम उतरवला की वकिलाचं पत्र घरी येतं, शेकडो युरोंच्या मागणीचं, आणि ते येतं इंटरनेट ज्याच्या नावावर आहे त्याला. म्हणजे घर वाटून घेतलेल्या त्या बिचाऱ्या रूममेटला. टॉरेंटचं सॉफ्टवेअर बंद असल्यासारखं दिसतं तेव्हाही मागे फाइल वाटत बसतं, म्हणून निघण्याआधीच ते काढून टाका. क्रॅक केलेली सॉफ्टवेअरही. विद्यापीठ बहुतेक लागणाऱ्या गोष्टींचं लायसन्स देतं.

रात्री दहानंतर इथे शांतता पाळतात. स्पीकर नाही, हेडफोन, आणि कीबोर्डवर हात जपून, भिंती पातळ असतात. विजेचा दर युनिटला ३५ ते ४० सेंटच्या आसपास, म्हणजे रोज तीन तास खेळलात तर महिन्याला पाच-सहा युरो. हॉस्टेलच्या भाड्यात वीज धरलेली असेल तर तेही नाही. आणि उणे तापमानातून खोलीत आलात की लॅपटॉप लगेच चालू करू नका. अर्धा तास पिशवीतच राहू द्या, आत दव धरतं.

बरेच जण दसऱ्याच्या आगेमागे निघतात. आई लॅपटॉपची पूजा करणारच, करू द्या. हळद-कुंकू झाकणावर लावून घ्या आणि अक्षता टाकायच्या आधी ते बंद करा. त्या जुन्या लॅपटॉपच्या स्पेसबारखाली तांदळाचा एक दाणा अजून आहे.