‘आईसाठी लावली आहे’ असे न म्हणता मालिका पाहण्याची रीत

इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे ओळखपत्र गळ्यात असताना पणजीहून फोंड्याला येणाऱ्या बसमध्ये मी मोबाईलवर आदल्या रात्रीची मराठी मालिका लावली, आणि इयरफोनची वायर नीट बसलेली नसल्यामुळे तिचे शीर्षकगीत सबंध बसने ऐकले. शेजारच्या आसनावरचे गृहस्थ दोनच दिवसांपूर्वी एका इराणी चित्रपटाच्या शेवटाविषयी माझ्याशी अत्यंत गंभीरपणे बोलले होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले तेव्हा मी घाईघाईने म्हणालो, “घरी आई बघते, तिला पुढचं सांगावं लागतं.” माझी आई जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

त्या खोटेपणाची लाज मालिकेच्या लाजेहून मोठी निघाली. तेव्हापासून मी मालिका उघडपणे आणि नीट पाहू लागलो. त्यातून जी रीत बसली ती येथे लिहीत आहे. ती प्रामुख्याने अशा वाचकांसाठी आहे जे दिवाणखान्यात नाट्यसंगीत लावतात, पाहुण्यांसमोर बातम्या लावतात, आणि पाहुणे फाटकाबाहेर पडताच खलनायिकेने दुधात काय मिसळले ते पाहण्यासाठी रिमोट शोधतात.

सर्वप्रथम आपल्याला नेमकी कशाची लाज वाटते ते ठरवावे. कथानक भडक आहे याची लाज वाटत असेल, तर गोव्यातल्या माणसाने आपल्याच गावची जत्रा आठवावी. देवळाच्या प्रांगणात रात्री उशिरा सुरू होऊन उजाडेपर्यंत चाललेली उत्सवी नाटके आपण मांडी घालून पाहिली आहेत. त्यांत हरवलेला मुलगा जन्मखुणेवरून सापडतो, दारुडा बाप शेवटच्या अंकात पश्चात्तापाने कोसळतो, खलनायक प्रवेश करताच मागच्या रांगेतून शिव्या येतात, आणि गावातले मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसून डोळे पुसतात. त्याला कोणी हसत नसे. तोच मालमसाला घरात, पंख्याखाली, एकट्याने पाहताना मात्र आपण अवघडतो. माझ्या मते यामागचे कारण कथेत शोधण्यात अर्थ नाही. जत्रेत सगळे गाव साक्षीला असते आणि येथे आपण एकटे सापडतो, एवढाच फरक आहे. म्हणून या रीतीतला निम्मा भाग मालिका कोणाबरोबर पाहावी याविषयी आहे. तो पुढे येईल.

दुसरे काम निवडीचे. एका वेळी एकच मालिका धरावी. साडेसात ते साडेदहा ओळीने पाहत गेल्यास कोणाची सून कोणाच्या घरात आहे हे कळेनासे होते आणि तीन तास संपल्यावर खरोखरच वाईट वाटते. निवडताना पहिला आठवडा पाहून निर्णय घेऊ नये, कारण पहिल्या आठवड्यात सर्वच मालिका चांगल्या असतात. निर्मात्यांनी त्यावर जीव ओतलेला असतो. साधारण दुसऱ्या महिन्यात, कथेची गती मंदावल्यावरही ज्यातले एखादे पात्र उद्या काय बोलेल याची उत्सुकता राहते, ती मालिका आपली समजावी. आम्हा गोवेकरांना भाषेचाही ओढा असतो. ‘रात्रीस खेळ चाले’ 2016 साली सुरू झाली तेव्हा तिच्यातली मालवणी कानाला इतकी घरची वाटे की भुतांना घाबरायचे सोडून आम्ही शब्द ओळखत बसत असू; शिवाय ज्या वाड्यात तिचे चित्रीकरण झाले ते आकेरी गाव सावंतवाडीजवळ, म्हणजे आमच्या हद्दीच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर. अशी एखादी दुवा जोडणारी गोष्ट असली की पाहणे सुखाचे होते.

स्पर्धकांना घरात कोंडून ठेवणाऱ्या कार्यक्रमांचा नियम वेगळा आहे. ‘बिग बॉस मराठी’ रोज पाहण्याची गरज नाही. आठवडाभराची भांडणे शनिवार-रविवारच्या भागात सूत्रसंचालक उकरून काढतोच, तेव्हा तेवढेच पाहावे. आठवड्याचे साडेचार-पाच तास वाचतात.

यानंतर मालिका ज्या पद्धतीने तयार होते ती समजून घ्यावी, म्हणजे चिडचिड कमी होते. अर्ध्या तासाच्या वेळेत प्रत्यक्ष कथेचा भाग साधारण वीस-बावीस मिनिटांचा असतो, त्यातही सुरुवातीला कालचे आणि शेवटी उद्याचे. प्रेक्षकसंख्येचे आकडे आठवड्यातून एकदा, गुरुवारी, हाती येतात आणि ते घसरले की कथेचे तारू दुसऱ्या दिशेला वळवले जाते. काल गरीब गाय असलेली जाऊ आज विष कालवताना दिसली, तर लेखक विसरभोळा आहे असे समजू नये. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका 2001 पासून 2013 पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. इतका काळ एका घरातली माणसे सुसंगत वागली असती, तर चौथ्या महिन्यातच सर्व काही मिटले असते.

तीच गोष्ट पुनरुक्तीची. एकच वाक्य तिघांच्या चेहऱ्यांवर तीन वेळा आदळते, ढगांचा गडगडाट होतो, आणि ज्याला पहिल्याच वेळी कळले त्याला हे असह्य वाटते. परंतु मालिका ही डोळे लावून बसणाऱ्यासाठी बेतलेली नसून काम करता करता ऐकणाऱ्यासाठी बेतलेली असते. मी एकदा मुद्दाम स्वयंपाकघरात नारळ खवत उभा राहून बाहेरच्या खोलीतली मालिका नुसती ऐकली. कोण आत आले, कोणाला धक्का बसला, कोण खोटे बोलत आहे, हे विळीवरून नजर न उचलता मला कळत होते. त्या दिवसापासून ढोलताशांना नावे ठेवणे मी सोडले, आणि शक्य होईल तेव्हा मालिका पाहताना हाताला काहीतरी काम घेऊ लागलो. शेंगा सोलणे उत्तम; कपड्यांच्या घड्याही चालतात. कांदा मात्र टाळावा, कारण नायिका माहेरी परतत असताना डोळ्यांतून पाणी आले, तर ते कांद्याचे हे कोणी मानत नाही.

वेळ काटेकोरपणे ठरवून घ्यावी आणि ती जेवणाच्या आधीची असावी. जेवताना पाहू नये. माशाचा काटा आणि कथेतला गौप्यस्फोट एकाच वेळी सांभाळता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. छपरावरच्या डिशकडे उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, आणि जून-जुलैत आमच्याकडे पाऊस कोसळतो तो नेमका साडेसातला. कोर्टात साक्षीदार तोंड उघडतो आणि पडदा निळा होतो. अशा वेळी डिश हलवण्यासाठी छत्री घेऊन कौलांवर चढण्याचा मूर्खपणा मी केलेला आहे. तो कोणी करू नये. पाऊस ओसरला की सिग्नल आपोआप येतो, आणि न आला तरी तो भाग नंतर वाहिनीच्या अॅपवर सापडतो.

अॅपवर पाहण्याचा मोठा फायदा म्हणजे पुढे ढकलण्याची सोय. कालचा सारांश, जुन्या आठवणींची काळीपांढरी दृश्ये, कोणी नुसते पायऱ्या उतरत आहे अशी दृश्ये आणि गाणी वगळली, तर बावीस मिनिटांचा भाग बारा मिनिटांत आटोपतो. मात्र वेग वाढवून पाहू नये. दीडपट वेगात रडणारी आई विनोदी दिसते, आणि ज्यासाठी आपण बसलो तो गळा दाटून येण्याचा क्षणच हातचा जातो. काय वगळावे हे आपण ठरवावे, पण जे पाहायचे ते त्याच्या चालीने पाहावे.

आता कोणाबरोबर पाहावे ते सांगतो. मालिकेची टिंगल करण्यासाठीच बसणारा मित्र नको. त्याच्या सोबतीने आपणही टिंगल करू लागतो आणि आपल्याला जे आवडले होते ते त्याच्यासमोर नाकारून बसतो. मालिकेवर मनापासून रागावणारे माणूस हवे. मला ते भाग्याने घरातच लाभले. सासूबाई मार्दोळहून आमच्याकडे राहायला आल्या की साडेसातला खुर्ची ओढून बसतात आणि पहिल्याच दृश्यात म्हणतात, “हिला दोन थोबाडीत देणारं कुणी नाही का हो त्या घरात?” मी म्हणतो, “आई, नवरा आहे की.” त्यावर त्या माझ्याकडे न पाहता म्हणतात, “नवऱ्याचं काय घेऊन बसलात, जावईबापू!” या एका वाक्यात पडद्यावरच्या नवऱ्याबरोबर माझाही निकाल लागतो, याची मला पूर्ण कल्पना आहे.

सासूबाईंच्या नजरेला काही सुटत नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात साथीमुळे चित्रीकरण बंद झाले आणि अनेक मालिकांचा बाडबिस्तरा गोव्यात आला. कथेतली माणसे काही ना काही निमित्ताने घर सोडून अनोळखी ठिकाणी राहू लागली. एके रात्री नायक-नायिका गंभीरपणे घटस्फोटाबद्दल बोलत असताना सासूबाई एकदम उठून पडद्याजवळ गेल्या आणि त्यांच्या मागच्या चिऱ्याच्या भिंतीकडे व पोफळींच्या बागेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हे आपल्याकडचं कुळागर आहे. पाट बघा, पाट!” घटस्फोट बाजूलाच राहिला. पुढे मे महिन्यात येथेही रुग्ण वाढले, लोकांनी आक्षेप घेतला आणि चित्रीकरणाच्या परवानग्या रद्द झाल्या. पण ते तीन-चार आठवडे आमच्या घरी मालिका पाहण्याऐवजी गाव ओळखण्याची स्पर्धाच चालली होती. असे कोणी सोबतीला असले की लाजेला बसायला जागा उरत नाही.

बाहेर कोणी विचारले तर काय सांगावे, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. मालिकेचे नाव सांगावे आणि थांबावे. ‘सहज चॅनल बदलताना दिसली’, ‘समाजशास्त्रीय दृष्टीने पाहतो’, ‘बायको लावते’ ही तिन्ही उत्तरे ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येतात, कारण त्याने स्वतः ती कुठेतरी दिलेली असतात. त्यातले तिसरे उत्तर तर घरी पोहोचते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ 2016 पासून 2021 पर्यंत चालू होती, आणि त्या काळात कार्यालयात ती पाहतो असे कबूल करणारा एकही पुरुष नव्हता. तरीही जेवणाच्या सुट्टीत तिच्यातल्या नवऱ्याला, गुरुनाथला, काय शिक्षा व्हावी यावर प्रत्येकाचे ठाम मत होते.

मालिका सोडण्याची वेळ ओळखणे हे मात्र खरे कौशल्य आहे. एखाद्या पात्राचा चेहरा बदलला, म्हणजे नट बदलला, तर महिनाभर सवलत द्यावी. कथेने पाच-सात वर्षांची उडी घेतली, तर पंधरा दिवस. नायिकेची स्मृती गेली तर एक आठवडा, आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी बाई गावात आली तर त्याच रात्री बंद करावी. हे माझे मोजमाप आहे. प्रत्येकाने आपले ठरवावे. याहून खात्रीची खूण म्हणजे भाग संपल्यावरची आपली अवस्था. मजा येऊन आपण उठतो तोवर ठीक. केवळ ‘बघू या आणखी किती मूर्खपणा करतात’ म्हणून बसू लागलो की तो मोह राहत नाही, खोड होते.

एखाद्या वेळी लग्नकार्य, परीक्षा, आजारपण यांमुळे दोन आठवडे बुडतात आणि मग साठलेले सगळे भाग एका रविवारी पाहून काढण्याचा विचार येतो. तसे मुळीच करू नये. मी गेल्या पावसाळ्यात पंधरा दिवस गावी नव्हतो. परतल्यावर बाजारात नेहमीच्या मासळीवालीकडे बांगडे घेतले आणि ती ते साफ करत असताना सहज विचारले. तिने कोयती न थांबवता सांगितले, “तिका तांणी घरांतल्यान भायर काडली. तो सगळें जाणा, पूण उलयना (बोलत नाही). आनी म्हातारी आतां पश्चात्ताप करता.” बारा भाग, आणि सहावा बांगडा अजून साफ व्हायचा होता.