कुंपणाचा माल मागवण्याआधी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घराभोवतीची पाच गुंठे जागा वर्षानुवर्षे वईनेच, म्हणजे काट्याकुट्यांच्या कुंपणानेच, राखली जात होती. पावसाळा सरला की काट्याकुट्या तोडून आणायच्या, गिरिपुष्पाच्या खुंटांना त्या बांधायच्या आणि मोकाट गुरांनी पाडलेली भगदाडे पुन्हा पुन्हा बुजवायची, हा दरवर्षीचा क्रम होता. अखेर घरच्याच माणसांनी सिमेंटचे खांब रोवून तारेच्या जाळीचे कुंपण घालायचे ठरवले. प्रत्यक्ष काम तीन आठवड्यांत उरकले, पण त्याआधीच्या तयारीला दोन महिने लागले आणि ते दोन महिने सत्कारणी लागले असे मला मनापासून वाटते. घरच्या घरी घातलेले कुंपण बहुतेक वेळा फसते ते चुकीच्या आकड्यावर माल मागवल्यामुळे. म्हणून जो कोणी हे काम हाती घेणार असेल, त्याने कोणत्या क्रमाने काय तपासावे आणि काय, किती मागवावे, ते येथे सविस्तर मांडतो.

सर्वांत आधी हद्द. सातबाऱ्यावर क्षेत्र कळते, बाजूंची लांबी कळत नाही. त्यामुळे भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हाती आल्याशिवाय एकही खड्डा खणू नये. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांनी हजर राहावे यासाठी नोटीस जातेच, तरीही आदल्या संध्याकाळी स्वतः त्यांच्या ओटीवर जाऊन सांगून यावे, कारण हद्दीच्या खुणा शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत रोवल्या गेल्या म्हणजे पुढची कटकट टळते. खुणा पक्क्या झाल्या की आपले खांब हद्दीच्या रेषेवर न घेता काँक्रीटसह पूर्णपणे आपल्या बाजूला बसतील इतके आत घ्यावेत. आपल्या जागेतून कोणाची शेताकडे जाण्याची जुनी वाट असेल, तर ती सोडूनच आखणी करावी. अशी वाट अडवली गेल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, आणि घातलेले कुंपण काढावे लागण्यासारखे दुःख नाही. रस्त्याच्या बाजूला किती अंतर सोडायचे आणि परवानगी लागते का, हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत लेखी विचारावे.

यानंतर आखणी. सुतळी ओलाव्याने आणि ताणाने लांबी बदलते, म्हणून गवंडी वापरतात ती नायलॉनची लाइनदोरी घ्यावी, चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून ती जमिनीलगत ताणावी आणि तिच्याखाली चुन्याची फक्की टाकावी. कोपरा काटकोनात हवा असेल तर एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजून त्या दोन टोकांमधले तिरपे अंतर ५ फूट भरते का, ते पाहावे. अंतर मोजताना फीत जमिनीच्या उतारासोबत धरावी, कारण नकाशावरचे माप आडवे असते. आमच्या एका बाजूला तेरा फुटांचा उतार आहे. नकाशात ८१ फूट दिसणारी ती बाजू जमिनीवरून ८२ फूट भरली. एका फुटाने काय बिघडते असे वाटेल, पण जाळी एक फूट कमी पडली की शेवटच्या खांबापाशी माणसाचा जीव रडकुंडीला येतो.

आमचे आकडे उदाहरण म्हणून देतो, म्हणजे हिशेबाची रीत लक्षात येईल. चार बाजू ६६, ८२, ६४ आणि ८५ फूट. घेर २९७ फूट. पुढच्या ६६ फुटांच्या बाजूला १० फुटांचे फाटक आणि मागच्या ६४ फुटांच्या बाजूला ३ फुटांचे कवाड. ही दोन्ही वजा जाता कुंपण राहिले २८४ फूट. दोन खांबांमध्ये जास्तीत जास्त ८ फूट अंतर ठेवायचे ठरले. येथे एक चूक हमखास होते: २८४ ला ८ ने भागून साडेपस्तीस, म्हणजे ३६ गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधला भाग), असे लोक धरतात. वास्तविक प्रत्येक बाजूचा भागाकार वेगळा करावा लागतो, कारण कोपरा अर्ध्या गाळ्यात येऊ शकत नाही. पुढच्या बाजूला फाटकाच्या दोन्ही हातांना मिळून ७ गाळे, ८२ फुटांत ११, मागच्या बाजूला कवाड वगळून ८ आणि ८५ फुटांत ११, असे एकूण ३७ गाळे झाले. फाटक आणि कवाड हेही दोन गाळेच समजले तर ३९, आणि कुंपण फिरून जागेवर येत असल्यामुळे जितके गाळे तितकेच खांब. त्यांतले फाटकाचे व कवाडाचे चार खांब चौकोनी लोखंडी पाइपचे, उरलेले ३५ सिमेंटचे.

पण सरळ खांबांवर कुंपण उभे राहत नाही. जाळी ताणली की सगळा ओढा कोपऱ्यांवर येतो. म्हणून प्रत्येक कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी एकेक तिरका टेकू, म्हणजे ८. फाटकाच्या व कवाडाच्या चार खांबांना एकेक, म्हणजे ४. आणि दोन लांब बाजूंच्या मधल्या खांबांना दोन-दोन, म्हणजे आणखी ४. असे १६ टेकू धरल्यावर सिमेंटच्या खांबांची संख्या ५१ झाली आणि फुटतुटीसाठी तीन जादा घेऊन आम्ही ५४ मागवले.

सिमेंटचा खांब की लोखंडी अँगल, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. अँगल हलका असतो, लवकर बसतो आणि जांभ्यात खणण्याचे कष्ट कमी करतो. पण खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात तो जमिनीलगतच्या दोन-तीन इंचांत गंजतो, आणि ती जागा गवताने झाकलेली असल्यामुळे खांब वाकेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आम्ही ७ फूट उंच आणि ४ इंच चौरस सिमेंटचा खांब निवडला. २ फूट जमिनीत, ५ फूट वर. मागवण्याआधी कारखान्यावर स्वतः जावे. खांबात किती सळ्या आहेत आणि ओतल्यानंतर किती दिवस पाणी मारले, हे विचारावे. कडेला सळी उघडी दिसणारा खांब घेऊ नये, कारण तिथूनच गंज धरतो आणि खांब उभा फुटतो. हातोडीने हलके ठोकले असता चांगला खांब खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. तारा ओवण्याची भोके सगळ्या खांबांत एकाच उंचीवर आहेत ना, हेही फीत लावून पाहावे.

अशा एका खांबाचे वजन ५० किलोच्या थोडे वर भरते. चोपन्न खांबांचे पावणेतीन ते तीन टन होतात आणि हे ओझे छोट्या हत्तीच्या एका खेपेचे नव्हे. मोठी गाडी लागणार असेल तर ती पाणंदीतून दारापर्यंत येते का, वळणावर झाडाची फांदी किंवा विजेची तार आड येते का, हे आधी पाहिले नाही तर खांब रस्त्यावर उतरतात आणि दोनशे पावले खांद्यावरून वाहावे लागतात.

काँक्रीटचा हिशेब घाबरण्यासारखा नाही. साध्या खांबाचा खड्डा १ फूट चौरस आणि २ फूट खोल. खांबाची जागा वजा जाता त्यात पावणेदोन घनफूट काँक्रीट बसते. पस्तीस खांबांचे ६१ घनफूट. फाटकाच्या खांबांचे खड्डे आम्ही दीड फूट चौरस आणि अडीच फूट खोल घेतले, त्या चारांचे मिळून २२ घनफूट. टेकूंच्या सोळा खड्ड्यांचे साधारण १४. एकूण ९७ ते ९८ घनफूट. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी या प्रमाणात ५० किलोच्या एका पोत्यापासून सुमारे साडेपाच घनफूट काँक्रीट होते, म्हणून १८ पोती सिमेंट, अर्धा ब्रास वाळू आणि एक ब्रास खडी. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे लक्षात ठेवून गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची स्वतः मोजावी. वाळू मुठीत दाबून सोडली आणि तळहाताला माती चिकटून राहिली, तर ती परत पाठवावी. समुद्राकाठची वाळू मुळीच घेऊ नये, तिच्यातल्या क्षाराने आतली सळी खाल्ली जाते. सिमेंट मात्र काम सुरू होण्याच्या दोन दिवस आधीच आणावे आणि फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावे. आमच्याकडच्या दमट हवेत पोत्याला गाठी धरायला वेळ लागत नाही.

आता जाळी, जिच्यात गिऱ्हाइकाची सर्वांत जास्त फसगत होते. जाळी गेजवर विकली जाते आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. दहा गेजची तार सव्वातीन मिलिमीटर जाडीची, बारा गेजची २.६ मिलिमीटरच्या आसपास. डोळ्याला हा फरक कळत नाही, वजनाला कळतो. दोन इंची भोकाच्या, ४ फूट उंच आणि ५० फूट लांब बंडलाचे वजन दहा गेजमध्ये ५० किलोच्या आसपास, तर बारा गेजमध्ये ३५ किलोच्या आसपास भरते. आम्हाला एका पुरवठादाराने दहा गेज म्हणून दिलेले पहिले बंडल शेजारच्या काजू खरेदीच्या काट्यावर ठेवले, तेव्हा काटा ३७ वर थांबला. बिलावर गेज लिहून घेतला होता म्हणूनच ते बदलून मिळाले. तेव्हा बिलावर गेज, भोकाचे माप, उंची, लांबी आणि वजन ही पाचही नोंदवून घ्यावीत, जस्ताचा मुलामा सगळीकडे सारखा आहे ना ते उजेडात पाहावे आणि जिथे तार वळवली आहे तिथे पापुद्रे सुटलेले नाहीत याची खात्री करावी.

२८४ फुटांना ५० फुटांची ६ बंडले लागतात आणि १६ फूट उरतात. तो तुकडा टाकाऊ समजू नये, झाड पडून जाळी फाटली की तोच उपयोगी पडतो. जाळी अडकवण्यासाठी वर, मध्ये आणि खाली अशा आडव्या तारेच्या तीन ओळी धराव्यात: ८५२ फूट, म्हणजे २६० मीटर, दहा गेजमध्ये १७ किलो, आम्ही २० किलो घेतली. वरच्या एका फुटात काटेरी तारेच्या दोन ओळी, त्याची लांबी ५६८ फूट आणि गाठींसाठी दहा टक्के जादा. काटेरी तार किलोवर मिळते, म्हणून एका किलोत किती मीटर भरते हे दुकानातच मोजून घ्यावे. बांधायची बारीक तारही जस्ताची असावी. साधी काळी तार एका पावसाळ्यात कुजते आणि चांगली जाळी लोंबू लागते. कोणत्याही तारेचे टोक विजेच्या खांबाला बांधू नये. रानडुकरांच्या त्रासाने माणूस किती टेकीस येतो हे मी जाणतो, तरीही कुंपणात घरातली वीज सोडण्याचा विचारसुद्धा करू नये; तो गुन्हा आहे आणि त्यात माणसे मरतात.

पावसाचे पाणी जिथून वाहते त्या जागा आखणीच्या वेळीच ओळखाव्यात. पऱ्ह्याच्या, म्हणजे पावसाळी ओहोळाच्या, वाटेवर जाळी जमिनीला टेकवली तर पहिल्या मोठ्या सरीत पालापाचोळा अडकून ती बांधासारखी पाणी धरते आणि खांबांसह आडवी होते. तिथे जाळी वर उचलून खालची फट सुट्या काठ्यांनी भरावी, त्या वाहून गेल्या तरी नुकसान नाही.

मागवण्याचा क्रम असा ठेवावा: दिवाळीनंतर, जमिनीत ओल असतानाच खड्डे, मग वाळू, खडी आणि खांब, मग सिमेंट. खांब ओळंब्यात उभे करून काँक्रीटला सात दिवस पाणी मारावे आणि त्या दिवसांत प्रत्येक गाळा पुन्हा मोजावा. जाळीची मागणी या दुसऱ्या मोजमापावरच द्यावी, आणि फाटकाचे मापही लोहाराला तेव्हाच द्यावे, कारण खांब बसताना इंच-दोन इंच इकडेतिकडे होतातच. पहार, कुदळ, घमेली, ओळंबा आणि पक्कड घरात असतात. तार ताणायचे साधन दुकानदाराकडून भाड्याने मिळते का, ते विचारावे, आणि जाड चामडी हातमोज्यांचे निदान दोन जोड मात्र विकतच घ्यावेत.

माल येईल त्या दिवशी घरात दोन माणसे असावीत. एकाने गाडीवर राहून खांब हातोहात खाली द्यायला लावावेत, दुसऱ्याने ते मोजत सपाट जागेवर आडवे ठेवून घ्यावेत. तडा गेलेले खांब त्याच गाडीतून परत पाठवावेत, जाळीची बंडले फळीवर उभी करून ठेवावीत आणि शेवटच्या बंडलाचे वजन लिहून झाल्यावरच पावतीवर सही करावी.