अपघातातील दुखापतीच्या भरपाईसाठी दाव्याची मुदत कशी मोजावी

अपघात झाला की घरच्या सगळ्यांचे लक्ष बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातील वॉर्डाकडे लागते आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र भरपाईच्या दाव्याची मुदत साधारणपणे त्याच दिवसापासून सुरू होते. विमा कंपनीशी बोलणी चालू आहेत किंवा फौजदारी खटला संपलेला नाही, म्हणून ती थांबत नाही.

सर्वप्रथम दावा कोणत्या कायद्याखाली येतो ते ठरवावे, कारण मुदत त्यावर अवलंबून असते. वाहनाच्या धडकेत दुखापत झाली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो आणि 1 एप्रिल 2022 पासून त्यासाठी सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, असे अर्ज केवळ मुदतबाह्य म्हणून फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. तरीही अंतरिम आदेशाच्या भरवशावर राहणे मला धोक्याचे वाटते. सहा महिने हीच मुदत धरून चालावे. अपघात उत्तर गोव्यातील पेडण्यात झाला आणि जखमी व्यक्ती दक्षिण गोव्यातील काणकोणची असली, तरी दक्षिण गोव्यातही अर्ज करता येतो.

कामावर असताना दुखापत झाल्यास कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे दोन वर्षांत, पैसे घेऊन उपचार करणाऱ्या रुग्णालयाच्या निष्काळजीपणाबद्दल ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत आणि रेल्वे अपघाताबद्दल रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षात जावे. यांपैकी कशातही न बसणाऱ्या दुखापतीसाठी दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे असते. पण समोरच्या पक्षाने कायद्याने सोपवलेले काम केल्यामुळे किंवा न केल्यामुळे इजा झाल्याचे म्हणणे असेल, तर ती एकच वर्ष असू शकते. सरकारविरुद्ध दावा करायचा असल्यास दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते, मात्र तेवढा काळ मुदतीत धरला जात नाही.

पोर्तुगीज राजवटीच्या काळातील नागरी संहितेतील मुदती अजूनही चालतात, असे गोव्यात काही जण सांगतात. त्यावर विसंबू नये. 1963 चा मुदत कायदाच गोव्याला लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्पष्ट केले आहे.

आता तारीख मोजावी. घटनेचा दिवस सोडून द्यायचा. अपघात 3 जूनला झाला असेल तर सहा महिने 3 डिसेंबरला पूर्ण होतात. त्या दिवशी गोंयच्या सायबाच्या (संत फ्रान्सिस झेवियर यांच्या) फेस्ताची सुट्टी असल्यामुळे न्यायालय उघडेल त्या पहिल्याच दिवशी केलेला अर्ज मुदतीत धरला जातो. तरीही शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये.

एफआयआर व पंचनाम्याच्या प्रती, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिले जमवून वकिलाकडे द्यावीत. अपंगत्वाच्या दाखल्याला वेळ लागतो. त्यासाठी अर्ज अडवून धरू नये, तो दाखला पुढे सादर करता येतो.

उशीर झालाच, तर ग्राहक आयोग, आयुक्त आणि रेल्वे न्यायाधिकरण सबळ कारण पटल्यास विलंब माफ करू शकतात. दिवाणी दाव्याला मात्र ही सवलत नाही. जखमी व्यक्ती अज्ञान (18 वर्षांखालील) असेल तर सज्ञान झाल्यानंतर मुदत मोजता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका कायदा सेवा समितीकडे अर्ज करावा. महिला, मुले, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.