फिनिशिंगला माल पाठवण्याआधी

प्लेटिंग किंवा कोटिंग करणाऱ्या बाहेरच्या शॉपला पार्ट पाठवताना सुरुवात ड्रॉइंगपासून करा. नुसतं 'झिंक प्लेटिंग करणे' लिहिलेलं ड्रॉइंग अपुरं असतं. किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), पॅसिव्हेशन म्हणजे झिंकवरचा संरक्षक थर निळा की पिवळा, तो ट्रायव्हॅलंट क्रोमियमचाच हवा का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिलेली मापं कोटिंगच्या आधीची की नंतरची, हे त्यावर स्पष्ट लिहा. माल परत आल्यावर होणारी भांडणं बहुतेक या शेवटच्या मुद्द्यावरूनच होतात. दिसणारी बाजू कोणती आणि टांगायच्या हुकचा डाग कुठे चालेल, तेही ड्रॉइंगवरच दाखवून ठेवा.

आट्यांचा हिशेब कागदावर मांडून पाहा. ६० अंशांच्या आट्यांवर जेवढी जाडी चढते, त्याच्या चौपट पिच डायमीटर (आट्यांच्या मध्यावर मोजलेला व्यास) वाढतो. १.२५ मिमी पिचच्या एम८ (८ मिमी) बोल्टला ६जी या नेहमीच्या टॉलरन्समध्ये २८ मायक्रॉनची मोकळीक असते. म्हणजे वरच्या मर्यादेवर कापलेल्या बोल्टवर जेमतेम ७ मायक्रॉन बसतात. त्यावर १० मायक्रॉन झिंक चढवलं तर वाढ ४० मायक्रॉनची, आणि गो गेज (माप बरोबर असेल तर बोल्टवर चढायलाच हवं असं तपासणीचं गेज) चढतच नाही. मग कोणीतरी डाय (आटे कापायचं हत्यार) फिरवून आटे मोकळे करतो आणि नेमकं तिथलंच झिंक निघून जातं. त्यामुळे आटे कापतानाच कोटिंगपुरती जागा सोडा.

बोल्ट १२.९ ग्रेडचा, म्हणजे फार कडक पोलादाचा असेल किंवा पार्ट कडक स्प्रिंगचा असेल, तर इथे थांबून विचार करा. ॲसिड पिकलिंग (ॲसिडमध्ये बुडवून गंज काढणं) आणि प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो. पार्ट दिसायला ठीक असतो, आणि ताण आल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. प्लेटिंगनंतर लगेच साधारण २०० अंश सेल्सिअसवर काही तास बेकिंग करायला (भट्टीत तापवायला) सांगा आणि भट्टीची नोंद मागून घ्या. शक्य असेल तर अशा पार्टला झिंक फ्लेक (झिंकच्या बारीक पापुद्र्यांचं) कोटिंगच द्या. त्यात विजेची प्रक्रियाच नसल्याने हा धोका बराच टळतो.

पावडर कोटिंगला जाणाऱ्या पत्र्याची लेझर कटिंगची कड नखाने तपासा. ऑक्सिजनवर कापलेल्या कडेला ऑक्साइडचा पापुद्रा असतो. पावडर त्याच्यावर बसते आणि पुढे त्याच्यासकट सुटते. तो घासून काढा, नाहीतर नायट्रोजनवर कापून घ्या. वेल्डिंगचे छर्रे आणि बर (कापल्यावर कडेला राहिलेले धारदार कण) आपल्याच शॉपमध्ये काढा, कारण कोटिंगखाली ते लपत नाहीत. साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा थर येणार हे धरून टॅप होलला सिलिकॉन प्लग आणि अर्थिंगच्या जागेला उष्णता सोसणारी टेप सांगून ठेवा. टांगायला भोक आहे ना, तेही बघा. डब्याच्या आतल्या कोपऱ्यात पावडर नीट पोचत नाही. तिथे गंज चालणार नसेल, तर डिझाइनच बदलावं लागेल.

खोल बोअर असेल तर मी इलेक्ट्रोलेस (विजेशिवाय चढवलेलं) निकेल सुचवेन. महाग पडतं, पण आतबाहेर सारखं बसतं. विजेच्या प्लेटिंगमध्ये कडांवर जास्त थर चढतो आणि बोअरमध्ये कमी.

ॲल्युमिनियम असेल तर मिश्रधातू कोणता ते चलनावर लिहा. ६०६३ या मिश्रधातूवर ॲनोडायझिंग (पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर वाढवणं) छान उठतं. एडीसी१२ या मिश्रधातूच्या डायकास्टिंगमध्ये (साच्यात ओतलेल्या पार्टमध्ये) सिलिकॉन भरपूर असल्याने रंग करडा आणि डागाळ येतो. तिथे पावडर किंवा रंग बरा.

प्लास्टिकच्या बाबतीत मोल्डिंगवाल्याला सिलिकॉनचा रिलीज स्प्रे (पार्ट साच्यातून सुटावा म्हणून मारतात तो) मारू नका, असं बजावून सांगा. एबीएसवर क्रोम करता येतं, पण सिंक मार्क (मोल्डिंगमध्ये पडलेले खळगे) क्रोमखाली आणखी उठून दिसतात. पॉलिप्रॉपिलीनवर फ्लेम ट्रीटमेंट (पृष्ठभागावरून ज्योत फिरवणं) किंवा खास प्रायमरशिवाय रंग धरत नाही.

पावसाळ्यात ब्लास्टिंग (दाणे मारून सफाई) झालेला पोलादी पार्ट रात्रभर ठेवू नका. भोसरी-चाकणच्या दमट हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक आलेली असते. मशिनिंगचं तेल लावलेला माल असेल तर कोणतं तेल ते कळवा, म्हणजे फिनिशिंगवाल्यांना डिग्रीझिंग (तेल काढणं) ठरवता येतं.

शेवटी नमुना. रंगाचा राल ७०३५ असा नंबर एवढं सांगून भागत नाही. ग्लॉसी की मॅट, स्मूथ की टेक्स्चर, हेही सांगा. पहिल्या पीसवर जाडी मोजा. पावडर कोटिंग असेल तर आयएसओ २४०९ प्रमाणे क्रॉसकट करून (थरावर चौकटीच्या रेघा कापून) टेप ओढा आणि थर सुटतो का ते बघा. पास झालेल्या त्याच बॅचच्या दोन पीसवर आपली आणि फिनिशिंगवाल्यांची अशा दोघांच्या सह्या घ्या. एक त्यांच्याकडे ठेवा, एक आपल्या इन्स्पेक्शनच्या कपाटात. बाकीची लॉट त्यानंतरच सोडा.