कपाचं माप आणि बसलेला केक: या चुका टाळा

केक कोरडा झाला, वर भेग पडली, की पहिला आळ ओव्हनवर. मग बेकिंग पावडर जुनी ठरते, अंडी लहान ठरतात. मैद्याचा कप कसा भरला, हे कोणी विचारत नाही.

डब्यात कप खुपसून, कडेला दाबून सपाट केला की 240 मिलीच्या कपात 145 ते 160 ग्रॅम मैदा बसतो. तोच मैदा आधी हलवून मोकळा केला, चमच्याने अलगद भरला आणि सुरीच्या पाठीने वरचा काढला, तर 120 ते 125 ग्रॅम. दोन कपांच्या केकला म्हणजे अर्धा कप मैदा जास्तीचा. पुढचं नाटक ठरलेलं. मिश्रण घट्ट वाटतं म्हणून अंदाजाने दूध ओततात आणि गुठळ्या मोडेपर्यंत घोटतात. त्यात ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं ताणलं जाणारं प्रथिन, तयार होऊन केक चिवट होतो. वर डोंगर, मध्ये कच्चा. म्हणून आणखी पंधरा मिनिटं ठेवतात, तर कडा टोस्टसारख्या. पुढच्या खेपेला तापमान बदलतात, त्याच्या पुढच्या खेपेला सोडा वाढवतात. कप मात्र तसाच खुपसतात!

भांडं वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, 120 ग्रॅमला एक कप धरून मैदा घाला. घाईची सबब इथे चालत नाही. कप घासायला याहून जास्त वेळ लागतो.

दुसरं दुखणं म्हणजे ‘1 कप = 250 ग्रॅम’ हा सगळ्यांना लावलेला आकडा. 240 मिलीच्या कपात साखर 200 ग्रॅम, लोणी सुमारे 225, तेल 220, मध तब्बल 340. कोको जेमतेम 85 ते 100. पिठीसाखर 115 ते 120, म्हणून साखरेच्या कपाऐवजी पिठीसाखरेचा कप घेतला की केक अगोड होणारच. साखर आधी मोजा, मग दळा. मिली म्हणजे ग्रॅम हे पाण्यापुरतं खरं, दुधाला जवळपास चालतं. 100 ग्रॅम मध हवा म्हणून मापाच्या जगमध्ये 100 मिलीच्या खुणेपर्यंत ओतलात तर 140 ग्रॅम पडतो.

वाटीला नावं ठेवू नका. सगळे जिन्नस एकाच वाटीने घेतले तर प्रमाण बिघडत नाही. बिघडतं ते सोडा चमच्याने, अंडी नगाने आणि टिन इंचात आल्यावर. तेव्हा आपल्या वाटीत पाणी भरून एकदा वजन करा; जितके ग्रॅम, तितके मिली.

पोह्याचा चमचा म्हणजे टेबलस्पून नव्हे. टेबलस्पून 15 मिलीचा, ऑस्ट्रेलियन पाककृतीत 20.

‘1 कप चाळलेला मैदा’ आणि ‘1 कप मैदा, चाळून’ यांत फरक आहे. पहिल्यात आधी चाळायचं, मग मोजायचं.

सोडा मात्र काट्यावर मोजू नका. एका ग्रॅमने पुढे सरकणारा काटा 2 ग्रॅमला काय न्याय देणार? 5 मिलीचा टीस्पून, काठोकाठ सपाट.

नानकटाईचं ‘अर्धा कप तूप’ हाही सापळा. थिजलेलं तूप कपात भरताना पोकळ्या राहतात. 110 ग्रॅम तोला आणि थिजलेलंच फेटा. वितळवून मापलंत तर मळण्याआधी पुन्हा थिजू द्या, नाहीतर ट्रेमध्ये नानकटाया एकमेकींना चिकटलेल्या सापडतील.