वसंतात तळ्याकाठी एकट्याने पक्षी कसे पाहावेत

वसंतात तळ्यावर दोन प्रकारची मंडळी एकाच वेळी भेटतात: हिवाळा काढून परतीला निघालेले पाहुणे आणि जोडी जमवून घरट्याच्या मागे लागलेले रहिवासी. बहुतेक बदकांच्या नरांचा विणीचा पिसारा आता पूर्ण असतो, त्यामुळे ओळख शिकायला याहून सोपा काळ नाही. सोबत कोणी नसल्याने बोलणंही होत नाही, आणि तळ्याकाठी पक्षी उडण्याचं ते एक मोठं कारण असतं.

१. आधी सूर्य बघा, मग वाट ठरवा

नवखे लोक गाडी जिथे थांबते तिथूनच चालायला लागतात आणि सकाळभर चकाकत्या पाण्यावर काळ्या आकृत्या बघत बसतात. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणून पूर्वेच्या काठावरून सुरुवात करा. तिथून दक्षिण काठाने पश्चिमेकडे सरका. उत्तर गोलार्धात दिवस चढतो तसा सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे दक्षिण काठावर उजेड बराच वेळ तुमच्या मागूनच येतो. संध्याकाळी जायचं असेल तर पश्चिमेचा काठ धरा.

वारा जोराचा असेल तर बदकं वारा अडलेल्या काठाच्या आडोशाला जमतात; आधी तिकडे नजर टाका.

सूर्योदयाच्या सुमारास काठावर पोचा. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी हलत्या डागासारखा दिसतो. तो दोष दुर्बिणीचा नसतो. महाग दुर्बीणही तिथे काही करू शकत नाही.

२. दुर्बीण घरीच जुळवून घ्या

८×४२ ची दुर्बीण तळ्यासाठी पुरेशी. यातला ८ म्हणजे आठपट मोठं दिसणं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. १० पटीची जास्त जवळ आणते, पण हाताची थरथरही तितकीच वाढवते.

पुष्कळांची दुर्बीण वर्षानुवर्षं एका डोळ्याला किंचित धूसर दिसते, कारण डाव्या-उजव्या डोळ्यातला फरक कधी जुळवलेलाच नसतो. उजव्या बाजूचं पुढचं भिंग झाका. वीस-तीस मीटरवरची एखादी काटकी डाव्या डोळ्याने बघत मधलं चाक फिरवून स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता, बहुधा उजव्या डोळ्याजवळ असलेली कडी फिरवून तीच काटकी स्पष्ट करा. कडीची ही जागा लक्षात ठेवा. पिशवीत ती आपोआप सरकते. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी कडा खाली करा, नाहीतर दृश्याचा मधला गोलच दिसेल.

पक्षी शोधताना नजर त्याच्यावरून हलवू नका. दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. डोळ्याला लावून चालायचं तर मुळीच नाही, आणि सूर्याकडे ती कधीच वळवायची नाही.

३. निरोप ठेवून निघा

कोणत्या तळ्याला, कोणत्या बाजूने, किती वाजता परत, हे एका माणसाला सांगून ठेवा. पाणी ओसरलेल्या काठावरचा भेगाळलेला चिखल वरून टणक दिसतो आणि खाली लगदा असतो. गवत-माती दिसेल तिथूनच चाला. उंच गवतात काठी पुढे आपटत जा.

४. कमी चाला, जास्त बसा

दोन-तीन किलोमीटरच्या फेरीला तीन तास द्या. चार-पाच जागा निवडा, झाडाला किंवा झुडपाला पाठ लावून बसा आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं काढा. पहिली पाच मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात. नंतर लव्हाळ्यातून पाणकोंबडी शेपटी झटकत बाहेर येते.

बांधावर उभं राहू नका, आकाशासमोर तुमची आकृती लांबूनही उठून दिसते. पक्ष्याकडे सरळ न जाता तिरकं जा. मान ताठ होणं ही पहिली खूण, काठापासून हळूच दूर पोहणं ही दुसरी. पहिल्या खुणेलाच थांबा. लांबच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला प्रत्येक उड्डाण महागात पडतं.

५. रंगाआधी वागणं बघा

चांदवा (वारकरी) छोटी उडी घेऊन बुडतो आणि बुचासारखा जवळपासच वर येतो. टिबुकली भलतीकडेच निघते. थापट्या पसरट चोच पाण्यात घालून गोल गोल फिरतो, त्यामुळे करड्या मादीचीही ओळख चोचीवरूनच पटते. तलवार बदक मान पाण्यात आणि शेपूट वर करून चरतं. काठच्या दगडांवर शेपटीकडचा भाग सतत हलवणारी, उडताना पाण्यालगत ताठ पंखांनी जाणारी ती तुतारी. आणि सगळा थवा एकदम उठला तर तुमच्यावर आळ घेण्याआधी वर बघा. बहुधा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो.

६. मोजा आणि तिथेच लिहा

मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरा आणि तो तुकडा थव्यावर किती वेळा बसतो ते बघा. वेळ, वारा, संख्या आणि पक्षी काय करत होता, एवढं वहीत पुरे. नोंद ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकणार असाल तर सुरुवातीची वेळ, लागलेला वेळ आणि चाललेलं अंतर लिहाच. त्याशिवाय संख्येचा अभ्यासाला फारसा उपयोग होत नाही.

७. घरट्याची चाहूल लागली की मागे फिरा

टिटवी डोक्यावर ओरडत फिरते आहे, कंठेरी चिखल्या पंख मोडल्यासारखा जमिनीवर फरफटतो आहे, किंवा एखादा पक्षी चोचीत किडा धरून नुसताच बसून आहे: तिन्हीचा अर्थ अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत. शोधू नका. आल्या पावलांवर पाऊल ठेवत परत फिरा, कारण उघड्या जमिनीवरची ठिपकेदार अंडी खड्यांत दिसतही नाहीत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर या दिवसांत टाळाच. नर खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात वेळ घालवतो.

त्याच दिवशी दुसऱ्या तळ्यावर जाणार असाल तर बुटांचा चिखल पहिल्याच काठावर खरवडून काढा. जलपर्णीचा एखादा तुकडा किंवा चिखलातलं बी बुटाला चिकटून दुसऱ्या पाण्यात सहज पोचतं.